अर्चनानं मोजलेले पाच किलोमीटर

अंबादास गेला त्या दिवशी त्याच्या पोरीच्या पायाला प्लास्टर होतं. गोष्ट सांगायची तर इथूनच सांगावी लागते. दुसरीकडून सुरू करून पाहिली, जमत नाई.

पोरगी म्हणजे दुर्वा. एकोणीस वर्षांची, बी.ए. दुसऱ्या वर्षाला. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत वाढलेली अन् पळण्यात नाव काढलेली. शंभर-दोनशे मीटरवालं पळणं नाई, लांबचं. पाच हजार मीटर, ग्राउंडाचे साडेबारा चक्कर. गेल्या वर्षी तिनं ते वीस मिनिटांत काढले तर अंबादासनं फॅक्टरीत आपल्या सगळ्या पाळीला पेढे वाटले होते. मंग मार्चमध्ये तिची नडगी दुखायला लागली. तिनं कोणाला सांगतलं नाई. बाप विचारे, "काय वं, लंगडून राहिली?" तर म्हणे, "नाई बाबा, जूता नया है." जोडा काही नवा नव्हता. महिनाभर तशीच पळली अन् एक दिवस रस्त्याच्या मधातच बसली. हाडाला चीर गेली होती. डॉक्टर म्हणे, केसासारखी बारीक आहे, पण आहे.

प्लास्टर लागून अकरावा दिवस. अंबादास सकाळच्या पाळीवर गेला, चहा घेतला, छातीत कळ आली, अन् दवाखान्यापर्यंत पोचलाच नाई. त्रेपन्न वर्षांचा माणूस, कधी तापातही सुट्टी न घेणारा.

घरात माणसं भरली होती अन् दुर्वाला खुर्चीवर बसवलं होतं, पाय स्टुलावर. ती रडली नाई. येणाऱ्या बायांना वाट द्यायसाठी तेवढा पाय ओढून घे अन् पुन्हा ठेवे. तिच्या मनात काय बसलं ते कितीतरी दिवसांनी कळलं. तिला वाटे, बाबाच्या जिवाला माह्या पायाचाच घोर लागला. मी खोटं बोलली म्हणून झालं.

अंबादास फिटर होता. लेकीला पळायला शिकवायचं म्हणून त्यानं पुस्तक वाचलं नाई की कोणाला विचारलं नाई, आपल्या अकलेनं केलं. रांझीच्या पुढं खमरियाकडे जाणारा झाडांचा सरळसोट रस्ता आहे, तिथल्या पुलियापासून, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलापासून, त्यानं पाच किलोमीटर मोजले होते. सायकलनं. मागच्या चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधायची अन् हळूहळू चालवत चिंधी किती वेळा वर येते ते मोजायचं. चारशे अठ्ठेचाळीस चक्कर झाले की एक किलोमीटर. तिथं रस्त्याच्या काठाला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारायचा. असे पाच पट्टे. चारशे अठ्ठेचाळीस हा आकडा त्या घरात देवाच्या नावासारखा होता. जेवताना, भाजी आणताना, कुठूनही तो आकडा निघे. त्याची बायको अर्चना हसे, म्हणे, "तुम्ही वर गेले तरी चक्करच मोजसान."

बोलून गेली ते नंतर तिला फार लागलं.

तेरवीला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू देतात. छत्री दिली, चपला दिल्या. सायकल कोणाला द्यावी तर अर्चनानं नीलकंठभाऊजींना दिली. हे अंबादासच्या पाळीतले, रिटायर होऊन सिहोऱ्याला शेतावर राहायला गेलेले. त्यांनी सायकल बसच्या टपावर बांधून नेली. दुर्वा दारात कुबडी घेऊन उभी होती.

अर्चनाचं काय सांगावं. ती ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. कमानिया गेटच्या बाजारातल्या दोन दुकानांतलं काम तिच्याकडे येते. जबलपुरात मराठी बायांचे नऊवारी-सहावारीचे ब्लाऊज कोणाकडे नीट बसतेत तर अर्चनाकडे. बाईला नुसतं दारातून येताना पाहिलं की छाती-कंबर सांगते, टेपही लागत नाई. आता हे लक्षात ठेवा.

जूनमध्ये प्लास्टर निघालं. पाय वाळलेल्या शेंगेसारखा झाला होता. जुलैमध्ये डॉक्टर म्हणे, एक मिनिट पळ, एक मिनिट चाल. कॉलेजातले सौमित्र सर, खेळाचे, तेही म्हणे, "बेटा, हड्डी जुड़ गई है, हिम्मत नहीं जुड़ी अभी. धीरे धीरे." दुर्वा पळे अन् थांबे. शंभर पावलं झाली की खाली बसे अन् अंगठ्यानं नडगी दाबून पाहे. दुखत नसे. पण दुखत नाई हेच तिला खरं वाटे ना. अर्चना पुलियावर तुरपाई घेऊन बसलेली असे. एक टाका घाले अन् दूर पाहे. पोरगी बसलेली दिसली की टाका चुके. सुई बोटात जाई. त्या पावसाळ्यात तिनं बाया लोकांच्या कपड्यांवरचे रक्ताचे किती ठिपके धुतले, तिलाच माहीत.

मोबाईलवर पळणं मोजायचं ते असते ना, ते दुर्वानं काढून टाकलं होतं. रोज सकाळी ते तिला दाखवे, मागच्या वर्षी आजच्या दिवशी तुम्ही एवढं पळाल्या होत्या, शाबास. ते पाहून ती बाथरूममध्ये नळ सोडून रडे. मंग एक दिवस काढलंच. राहिले फक्त बाबाचे पट्टे. पहिल्या पट्ट्यापर्यंत न थांबता गेली तो दिवस ऑगस्टातला. मंग दुसरा. सप्टेंबरात तिसरा. वेळ काही सांगण्यासारखा नव्हता, पण पट्टे एकेक करून हाती येऊन राहिले होते.

दसऱ्याच्या आधी रस्त्याचं काम निघालं. जुना रस्ता खरडला, नवं डांबर टाकलं. काळाकुळकुळीत, गुळगुळीत. लोक खूश. अन् दुर्वा पुलियाजवळ उभी राहून नुसती पाहत राहिली.

"आई, बाबाचे निशाण गेले."

"जाऊ दे न माय. तुले ठाऊक आहे न अंदाजानं?"

"अंदाज से नहीं होता, आई."

अन् तिनं पळणं बंद केलं. एक दिवस नाई, दोन दिवस नाई, अकरा दिवस. सकाळी उठे, जोडे घाले, पुलियापर्यंत जाई अन् परत येई. जेवण अर्धं झालं. डिसेंबरमध्ये युनिव्हर्सिटीची टीम निवडायची होती, सरांनी तिचं नाव पाठवून ठेवलं होतं. कॉलेजच्या ग्राउंडवर डिसेंबरभर मेळ्याचा मंडप राहणार होता, तिथं मोजून पळायची सोय नव्हती. अर्चनाला वाटलं, आता ही पोरगी खोलीतच बसून राहते. बाप गेला, आता ही जाते.

मंग तिनं जे केलं ते कोणाला न विचारता केलं. घरात दुर्वाची शाळेच्या वेळची लेडीज सायकल होती, जंग खाल्लेली. ती रत्नाकरच्या सायकलच्या दुकानातून दुरुस्त करून आणली. शिवणाच्या पिशवीतून लाल अस्तराची चिंधी काढली, मागच्या तारेला बांधली, पेंटचा डबा टोपलीत ठेवला अन् पहाट फुटता फुटता एकटी निघाली. शेहेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखतात, सायकल लग्नाआधी चालवलेली. दोनदा पडली. एका ट्रकवाल्यानं ओरडून विचारलं, "अम्मा, क्या गिन रही हो?" तर तिनं हातानंच जाय म्हटलं, कारण आकडा चुकला असता. तिसऱ्या किलोमीटरला चुकलाच, तर मागं येऊन पुन्हा मोजला. चारशे अठ्ठेचाळीस. पट्टा. चारशे अठ्ठेचाळीस. पट्टा. कोपर खरचटलेलं, साडी पेंटानं भरलेली, अशी घरी आली अन् दुर्वाला म्हणाली, "चाल, दाखवते."

दुर्वानं पाहिलं. पहिल्या पट्ट्याजवळ बसली, पेंटावर हात ठेवला, ओलाच होता. तळहात पांढरा झाला.

"तूने गिना?"

"हाव. पुरे चारशे अठ्ठेचाळीस. पाचही वेळा."

"पागल आहेस तू, आई." अन् गळ्यात पडली. बाप गेल्यावर पहिल्यांदा आईसमोर रडली ती तिथं, नव्या डांबरावर.

त्यानंतर पोरीत जी जान आली ती काय सांगू. पहिल्याच आठवड्यात वेळ उतरायला लागला. दिवाळीला घरात सुतकी वर्ष म्हणून पणती एकच लावली, पण दुर्वा म्हणे, "आई, एक किलोमीटर चार मिनिटं दहा!" नोव्हेंबरच्या मधात पाचही पट्टे न थांबता झाले. नडगी दाबणं बंद झालं. जेवायला लागली, भांडायला लागली, गाणं गुणगुणायला लागली. अन् डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस पुलियावर येऊन हाताचं घड्याळ आईच्या नाकासमोर धरलं, "वीस मिनिटं सहा सेकंद! आई! समझी? मागच्या वर्षीचीच मी आहो! सेम टू सेम!"

निवड पुढच्या रविवारी होती. सहा पोरी घेणार होते.

सोमवारी नीलकंठभाऊजी आले. सिहोऱ्याच्या बसनं, खांद्यावर मटाराच्या शेंगांचं गाठोडं. दुर्वा कॉलेजात होती. चहा झाला, शेतीचं झालं, अंबादासच्या आठवणी निघाल्या. मंग जायला निघाले तर अंगणात सायकल दिसली. तारेला लाल चिंधी.

"हे काय वहिनी? तुम्ही बी मोजून राहिल्या काय?" हसले. "अंबादासनं वारसा चांगला सोडला."

अर्चनानं मोठ्या हौसेनं सगळं सांगतलं. पडली कुठं, ट्रकवाला काय म्हणे, सगळं. भाऊजी ऐकत ऐकत चाकाकडे पाहत होते. हसू हळूहळू गेलं.

"किती चक्कर मोजले म्हणता?"

"चारशे अठ्ठेचाळीस. त्याईचेच."

"वहिनी, हे सव्वीस इंची चाक होय."

"मंग?"

"त्याची सायकल अठ्ठावीस इंची."

अर्चनाला आधी काही समजलं नाई. भाऊजी म्हणाले, टेप आणा. ती शिवणाचा टेप घेऊन आली. भाऊजींनी चाकावर खडूची खूण केली, सायकल अंगणात सरळ ढकलली, खूण पुन्हा खाली येईपर्यंत. अर्चनानं टेप धरला, दीड मीटरचा टेप, दोनदा लावावा लागला. दोन मीटर सात सेंटीमीटर.

"त्याचं चाक दोन मीटर तेवीस होतं. माह्यासमोरच मोजलं होतं आम्ही फॅक्टरीत." भाऊजींनी पेपराच्या कोऱ्या काठावर हिशेब केला. "एका चक्करला सोळा सेंटीमीटर कमी. किलोमीटरला सत्तरच्या वर मीटर कमी. पाचला..." अन् थांबले. "साडेतीनशेच्या वर मीटर कमी पळून राहिली पोरगी, वहिनी."

अर्चना अंगणातच खाली बसली. उभी जिंदगी माप घेणारी बाई. एक सूत इकडंतिकडं झालं तर ब्लाऊज उसवून पुन्हा शिवणारी. अन् आपल्या लेकीचंच माप असं. तिनं नवऱ्याचा आकडा घेतला अन् चाक घेतलं नाई. तिला वाटलं होतं ताकद आकड्यात आहे.

"मंग तिचा वेळ..."

"साडेएकवीसच्या वर जाईन. एकवीस चाळीस धरा."

"सहांत येईन काय?"

भाऊजींनी पेपर घडी करून खिशात टाकला. "मागच्या साली सहावी पोरगी किती वेळात आली होती?"

"एकवीस मिनिटं काहीतरी, म्हणे."

"मंग काय सांगू." जाता जाता दारात वळले. "वहिनी, माह्यं ऐका. तिले सांगू नका. माणूस मनानंच पळते. आता काढून घेतलं तर पाय जाग्यावरच राहीन. रविवार होऊ द्या."

ते गेले अन् अर्चनाच्या जिवाला घोर लागला.

सांगावं तर पोरगी मोडते, न सांगावं तर रविवारी सगळ्यांसमोर मोडते. संध्याकाळी दुर्वा आली, मटार सोलत बसली, दाणे तोंडात टाकत. "काका आले होते? त्यांना थांबवायचं न. त्यांना टायमिंग सांगितली असती." अर्चना म्हणे, "सांगतलं मी." अन् उठून आत गेली. शिवायला बसली तर एका बाईच्या ब्लाऊजची बाही उलटी लावली. उसवली. पुन्हा उलटीच लावली.

मंगळवार गेला. बुधवार गेला. रोज सकाळी ती पुलियावर बसे अन् लेक पट्ट्यावरून हात उंच करून दाखवे. अर्चनाही हात करे. तो हात तिला आपला वाटे ना. एकदा वाटलं, रात्रीतून पेंट पुसून टाकावं. एकदा वाटलं, सौमित्र सरांना सांगावं, ते पाहतील. मंग वाटलं, सर तिला चार लोकांत बोलतील. अंबादासच्या फोटोसमोर उभी राही, पण त्याला काय विचारणार. तो तर चुकलाच नव्हता.

गुरुवारी जेवताना दुर्वा आपणहून बोलायला लागली. वाटीतलं वरण बोटानं ताटावर काढून दाखवून राहिली. "हे पाह्य, हे ग्राउंड. मी पहिल्यापासून पुढंच राहणार. एक चक्कर शहाण्णव सेकंद. वैष्णवी अन् ती सदर मोहल्ल्यातली पोरगी मागून येतील, येऊ दे. मी शहाण्णव सोडत नाई. मेरी स्पीड है न वो, आई, रोज की है. आंख बंद करके पळीन."

अर्चनाच्या हातातला घास हातातच राहिला. तिला पळण्यातलं काही समजत नाई. पण हे समजलं. जी चाल पोरीची नाईच, ती चाल धरून ती निघणार. चार-पाच चक्कर जाईन, मंग छाती फुटीन. मंग तिला वाटीन पाय गेला. पुन्हा खाली बसून नडगी दाबीन, ह्या वेळेस हजार लोकांसमोर. अन् ह्या वेळेस उठणार नाई.

"दुर्वा."

"हं?"

"पट्टे खोटे आहेत."

पोरगी हसली. "क्या?"

"मी चुकली. लहान चाकावर मोजले. तुह्या बाबाची सायकल मोठी होती. साडेतीनशेच्या वर मीटर कमी आहेत." एका दमात बोलली, कारण दुसरा दम आला असता तर बोलली नसती. "सोमवारी समजलं. नीलकंठभाऊजींनी सांगतलं."

दुर्वा ताटाकडे पाहत राहिली. वरणाचं ग्राउंड हळूहळू पसरून गेलं.

"सोमवार को?"

"हाव."

"आज गुरुवार आहे."

"हाव."

"तीन दिन तू मुझे देख के हाथ हिला रही थी?"

दुर्वा उठली. हात धुतला. मोरीतूनच म्हणाली, आवाज मोठा नाई, हळू, "बाबा असता तर चुकला नसता."

अर्चना म्हणाली, "नसताच चुकला."

शुक्रवारी सकाळी दुर्वा उठली नाई. तोंडावर चादर. अर्चनानं एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं. मंग चहा ठेवला उशाशी, त्यावर साय आली, तो तसाच राहिला. नऊ वाजले. दहा वाजले. अर्चनाला वाटलं, झालं. भाऊजींचं ऐकायला पाहिजे होतं. आपल्या मनाचं ओझं आपण उतरवलं अन् पोरीच्या डोक्यावर दिलं. हेच केलं आपण.

अकराच्या सुमारास दुर्वा बाहेर आली. केस विस्कटलेले. आईकडे न पाहता म्हणाली, "टेप दे."

"काहून?"

"दे न."

तिनं स्वतः चाक मोजलं, तीनदा. तिन्ही वेळा दोन मीटर सात. मोबाईलवर भागाकार केला. "चारशे त्र्याऐंशी पाहिजे होते. पस्तीस चक्कर कमी मारले तू एका किलोमीटरला." मंग सायकल बाहेर काढली अन् तशीच उभी राहिली. "मी चालवते. तू मागं बस. तू गिन. मुझसे दोनों एक साथ नहीं होगा."

अर्चना कॅरियरवर बसली. भर दुपारी मायलेकी त्या रस्त्यानं, पोरगी पायडल मारते अन् आई मान वाकडी करून चाकाकडे पाहत मोठ्यानं मोजते. लोक पाहून हसून राहिले. दुर्वा फक्त एकदा म्हणाली, "जोर से गिन, सुनाई नहीं दे रहा." जुन्या पट्ट्यावरून सायकल गेली तेव्हाही अर्चनानं आकडा सोडला नाई. पस्तीस चक्कर पुढं गेल्यावर दुर्वानं ब्रेक लावला. नवा पट्टा मारला. एकच. म्हणाली, "एकच पुरे."

अन् तिथंच जोड्याच्या नाड्या आवळल्या. "इथून पुलियापर्यंत परत पळते. घड्याळ तू धर. सायकल घेऊन पुढं जाय."

अर्चना पुलियावर जाऊन उभी राहिली. हात उंच करून दाखवला अन् घड्याळ दाबलं. पोरगी दुरून आली, मोठी झाली, समोरून गेली. अर्चनानं दाबलं.

"किती?"

"चार... एकोणीस."

दुर्वा गुडघ्यावर हात ठेवून वाकली होती. "चार एकोणीस," ती म्हणाली. "मला चार वाटत होते." डोळ्यातलं पाणी नाकावरून खाली पडलं. मंग बाहीनं तोंड पुसलं. "ऑगस्टात किती होते, आई?"

"मले काय आठवते."

"साडेसहा." ती सरळ झाली. हात नडगीकडे जाऊन राहिला होता, अर्चनानं पाहिलं. हात गुडघ्यापर्यंत गेला अन् परत आला. "चार एकोणीस म्हणजे एका चक्करला एकशे चार. शहाण्णव नाई."

"मंग रविवारी?"

"रविवारी एकशे चार. आणखी काय."

"सहांत?"

"पता नहीं, आई. आता मला विचारू नको."

रविवारी युनिव्हर्सिटीच्या ग्राउंडवर चौदा पोरी होत्या. अर्चना दोरीच्या मागं उभी. पिस्तुल वाजलं अन् सगळ्या पोरी चिमण्यांसारख्या उडाल्या, वैष्णवी पुढं, सदरची पोरगी पुढं, अन् दुर्वा शेवटून दुसरी. पहिला चक्कर. अर्चना तोंडातल्या तोंडात मोजून राहिली, एकशे तीन. दुसरा, एकशे चार. दुर्वाच्या अन् पुढच्या पोरीच्या मधात शंभर पावलं पडली. बाजूचा एक बाप म्हणे, "अरे वो लड़की तो गई. पिछले साल चैंपियन थी न? चोट लगी थी सुना." अर्चनानं पदर तोंडात घातला. तिला वाटलं, मीच हिला मागं ठेवलं. सांगतलं नसतं तर निदान पुढं तर दिसली असती.

सहाव्या चक्करला एक पोरगी बाहेर बसली. सातव्याला दुसरी चालायला लागली. दुर्वाचं एकशे चार, एकशे तीन. चेहरा लाल, पण खांदे सैल. आठव्याला तिनं तीन पोरी मागं टाकल्या, त्याच बापाची पोरगी त्यात होती. दहाव्याला आठवी. सौमित्र सर काठावरून ओरडले, "दुर्वा, अब जा! अब!" अकराव्याला दोन पोरी चिकटून पळत होत्या, त्यांच्यातून बाहेरून निघाली. सहावी. शेवटच्या अर्ध्या चक्करला त्या दोघींतली एक मागून आली. एक पाऊल. अर्धं पाऊल. अन् रेषेच्या आधी छाती पुढं काढून गेली.

दुर्वा सातवी. एकवीस मिनिटं एकोणीस.

ती गवतावर आडवी पडली. सर आले, कागदावर काही लिहिलं, म्हणाले, "सात नंबर रिज़र्व. सोमवार से कैंप में आना. छह के साथ ही ट्रेनिंग करेगी तू. कोई बीमार पड़ी तो तू दौड़ेगी." मंग हळू आवाजात, "शुरू में रोका न अपने आप को? अच्छा किया. नहीं तो आज अस्पताल ले जाते तुझे."

अर्चना दोरीखालून वाकून आत गेली. सातवी म्हणजे हसायचं की रडायचं तिला समजे ना. बाजूला बसली. विचारायचं होतं ते निघे ना, अन् निघालं ते भलतंच.

"रागात आहे काय वं अजून?"

दुर्वानं डोळे उघडले नाई. "आहो."

"किती दिवस राहशीन?"

"पाहीन." तळहातानं कपाळाचा घाम पुसला. "तीन दिवस लपवलं तू. मी पाय महिनाभर लपवला होता. बाबाला."

अर्चनानं तिच्या केसांतलं गवत काढलं.

"बाबाला माह्यामुळे नाई न झालं, आई?"

"नाई गं माय. नाई. डॉक्टरनं सांगतलं होतं, हृदयाची नळी बंद झाली होती. पहिल्यापासूनच. तू विचारलंच नाई कधी."

दुर्वा उठून बसली. जोडे काढले, मोजे काढले, बोटं गवतात रुतवली. चौदा पोरींतल्या बाकीच्या निघून गेल्या होत्या, मंडपवाले खुर्च्या उचलून राहिले होते.

"भूक लगी है," ती म्हणाली. "कमानियाला जाऊ. जलेबी खाईन मी, खोव्याची. पावभर."

"बाबाचं वर्ष व्हायचं आहे अजून. गोड कसं खायचं?"

"मी खाईन. तू पाहत बस."

ऑटो करून गेल्या. गेटाखाली ही गर्दी. दुकानासमोर उभं राहून दुर्वानं पानातली काळी, गरम जलेबी तोडली, फुंकर मारली अन् अर्धी आईच्या तोंडासमोर धरली. अर्चनानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, नात्यातलं कोणी दिसते काय. मंग तोंड उघडलं.